विमान दारातून बाहेर कसं काढायचं?

घरी विमान बांधायला काढलेल्या माणसाला लोक हटकून विचारतात, "हे उडणार का?" प्रश्न रास्त आहे, पण फार पुढचा आहे. आधीचा प्रश्न असा की, हे दारातून बाहेर निघणार का? उडलं नाही तर दोष इंजिनाला, वाऱ्याला, हवामान खात्याला, कुणालाही देता येतो. दारात अडकलं तर मोजपट्टी कुणाच्या हातात होती, एवढंच विचारलं जातं. भिंत पाडून पंख बाहेर काढल्याचे किस्से या छंदात इतक्या चवीने सांगितले जातात, की नवख्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो वायुगतिशास्त्राचा नव्हे, जिन्याच्या वळणाचा.

मुळात हे वेड कायद्यात बसतं, हीच पुष्कळांना बातमी असते. अमेरिकेत तर त्यासाठी वेगळा नियमच आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे, आणि तेही शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी. बोलीभाषेत याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. सरकारी कागदावर 'करमणूक' हे कारण लिहायचं आणि त्यापुढे इंजिनाचा नंबर टाकायचा, ही सोय जगात फार थोड्या छंदांना मिळाली असेल. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत अशा लोकांची संघटना काढली, तेव्हा तिचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून चाले. आज विस्कॉन्सिनमधल्या ओशकोश गावी दर जुलैत या मंडळींची जत्रा भरते. दहा हजारांच्या आसपास विमानं त्या आठवड्यात परिसरात उतरतात आणि तेवढ्यापुरता तिथला कंट्रोल टॉवर जगातला सर्वांत गजबजलेला ठरतो. येणाऱ्या विमानांना रिपनपासून फिस्कपर्यंत रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक यायला सांगतात. रेडिओवर गप्पा नकोत म्हणून वैमानिकाने ऐकू आल्याची खूण द्यायची ती पंख हलवून. घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही असे शेकडो लोक तिथे एका आवाजाचं निमूट ऐकतात, हे दृश्य त्यांच्या घरच्यांना दाखवायला हवं.

अमेरिकन माणसाकडे गॅरेज असतं. विमान गॅरेजात आणि मोटार बाहेर बर्फात, ही तिथली ठरलेली मांडणी. मुंबईत गॅरेज मेकॅनिककडेच असतं. त्यामुळे कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं ते कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर. मराठी गच्चीची कामं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत : कुरडया, पापड, गाद्यांना ऊन, पाण्याची टाकी आणि वर्षातून एकदा कोजागिरीचं दूध. या यादीत विमान नव्हतं. इमारतीला लिफ्टही नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं मशीन आणि परदेशातून मागवलेलं इंजिन, सगळं जिन्याने वर गेलं. मुंबईच्या जिन्यातून गोदरेजचं कपाट चढवायला चार हमाल आणि आठ सल्लागार लागतात. इंजिनाला किती लागले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

यादव व्यवसायाने वैमानिक, त्या काळात जेट एअरवेजमध्ये होते. म्हणजे नोकरीत कंपनीची विमानं उडवायची आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जाऊन स्वतःचं ठोकत बसायचं. हा त्यांचा तिसरा प्रयत्न. विमानाच्या 'टीएसी-००३' या नावातला तीनचा आकडा शोभेचा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, त्या वेळी हे विमान क्रेनने गच्चीवरून खाली आलं आणि चारकोपचा शेजार धन्य झाला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली : व्हीटी-एनएमडी. 'व्हीटी' हे भारतातल्या सगळ्याच विमानांचं आडनाव. पुढची तीन अक्षरं नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांतली, रिक्षाच्या मागे 'आई-बाबांचा आशीर्वाद' रंगवतात त्याच भावनेने घातलेली. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. गच्चीवरून जमिनीवर यायला एक क्रेन पुरली, जमिनीवरून हवेत जायला साडेचार वर्षं गेली. पंखांवर हवा किती वजन पेलते याची सूत्रं पुस्तकात मिळतात. फाइल किती टेबलं पेलते याचं सूत्र अजून कुणी मांडलेलं नाही.

मुंबई आणि घरचं विमान म्हटलं की सभेत मागच्या रांगेतून एक हात वर होतोच : "आणि आपले तळपदे?" शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं ही गोष्ट लोकप्रिय आहे. तिच्यामागे भक्कम समकालीन पुरावा मात्र नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चं नाव या संदर्भात घेतलं जातं, त्यातली विमानं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासली आणि ती उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष दिला. तरी तळपद्यांचा यादवांनी हेवा करावा अशी एक गोष्ट आहे : आख्यायिकेला नोंदणी क्रमांक लागत नाही.

या धंद्याचा, म्हणजे हौसेचा, जुना इतिहास बघितला तर तो बांबूपासून सुरू होतो. आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हा पॅरिसमध्ये राहणारा श्रीमंत ब्राझिलियन. त्याचं 'दमुआझेल' हे चिमुकलं विमान बांबू आणि रेशमी कापडाचं होतं, आणि वैमानिक पंखाखाली, जवळजवळ जमिनीला टेकून बसायचा. पेटंट वगैरे भानगडीत न पडता त्याने आराखडे लोकांना खुले केले. १९१० साली 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकाने ते छापले. तेव्हापासून आजपर्यंत जगातल्या अर्ध्या घरगुती विमानांची सुरुवात एका मासिकातून झाली आहे, आणि मासिक घरात आणणाऱ्याला पुढे काय होणार याची कल्पना नसते.

मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातला बर्नार्ड पिटनपोल तर आणखी पुढचा. हा स्वतःच शिकलेला मेकॅनिक. एका मासिकाच्या संपादकाने लिहिलं की मोटारीच्या इंजिनावर विमान चालवणं काही जमायचं नाही. आपल्याकडे अशा वेळी वाचकांच्या पत्रव्यवहारात दोन परिच्छेद लिहिले जातात. पिटनपोल फोर्ड मॉडेल-ए मोटारीचं इंजिन बसवलेलं आपलं 'एअर कँपर' घेऊन उडत त्यांना दाखवायला गेला. संपादकाने शब्द मागे घेतले आणि आराखडे छापले. त्या विमानात एकच गंमत होती. मोटारीचं इंजिन म्हणजे मोटारीचा रेडिएटर आलाच, आणि तो बसवला होता उभा, वैमानिकाच्या नजरेच्या बरोबर समोर. पुढचं दिसायचं ते रेडिएटरच्या डावी-उजवीकडून डोकावून. लाकडाचं हे विमान आजही लोक बांधतात, आणि काही जण रेडिएटरसकट बांधतात. सुधारणा करायची म्हटली की ते मग पिटनपोल राहत नाही, असं जाणकारांचं म्हणणं. पुणेरी मिसळीबद्दलही वाद असेच होतात, पण निदान तिथे समोरचं दिसतं.

सगळ्यांत मोठी साथ आली ती फ्रान्समधून. आँरी मिन्ये या रेडिओतल्या माणसाला रीतसर वैमानिक होणं काही जमेना. तेव्हा त्याने असं ठरवलं की दोष आपल्यात नाही, विमानांत आहे. त्याने पायाने दाबायचे पेडल काढून टाकले, एकच दांडा ठेवला, एकामागे एक असे दोन पंख लावले आणि यंत्राला नाव दिलं 'आकाशातली ऊ'. १९३४ साली त्याचं पुस्तक निघालं. ज्याला खोकं ठोकता येतं त्याला विमानही ठोकता येईल, हा त्याचा सूर. फ्रान्स-इंग्लंडमध्ये लोकांनी अक्षरशः बैठकीच्या खोलीत विमानं मांडली. पुढचं विनोदी नाही. ऊ एका मर्यादेपलीकडे खाली झुकली की दोन पंखांमधल्या हवेच्या खेळामुळे नाक वरच उचलेना, आणि माणसं दगावली. दोन्ही देशांत तिला मोठ्या वायुबोगद्यात घालून तपासलं, दोष सापडला आणि इंग्लंडमध्ये १९३६ साली तिच्या उड्डाणांवर गदा आली. मिन्येने रचना दुरुस्त केली. पण तोवर पुष्कळांनी बैठकीची खोली परत मिळवली होती आणि घरातले ती पुन्हा सोडायला तयार नव्हते.

१९७०च्या दशकात जिम बीड या अमेरिकन गृहस्थाने 'बीडी-५' नावाचं गोंडस, एकट्याचं, मागे पंखा असलेलं विमान किटच्या रूपात विकायला काढलं. हजारो लोकांनी पैसे भरले. खोकी घरी आली, पंख झाले, शेपूट झाली, रंगही झाला. इंजिन येईना. ठरलेली इंजिन कंपनी बुडाली, दुसरं इंजिन ठरलं, तेही रखडलं आणि शेवटी बीडची कंपनीही दिवाळखोरीत गेली. अख्ख्या अमेरिकेत गॅरेजागणिक एकेक तयार विमान, आतून पोकळ. आपल्याकडे घराचा ताबा मिळतो आणि पाणी येत नाही, त्यातलाच प्रकार. या विमानाच्या जेट आवृत्तीने मात्र १९८३च्या 'ऑक्टोपसी'त जेम्स बाँडला घेऊन भरारी मारली. गिऱ्हाइकांनी ती तिकीट काढून पाहिली.

आता हल्लीचा हौशी माणूस लाकूड तासत बसत नाही. बहुतेक जण किट घेतात. ओरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या 'आरव्ही' मालिकेची अकरा हजारांच्या वर विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. किटमधलं पहिलं खोकं असतं शेपटीचं. हा शहाणपणाचा भाग. ज्याला जमणार नाही त्याला शेपटीतच कळतं आणि नुकसान शेपटीपुरतं राहतं. अर्धवट शेपट्या विकायला असलेल्या जाहिराती वाचत गेलं तर मध्यमवर्गीय संसाराचा एक इतिहास हाती लागतो : 'बदली झाल्यामुळे', 'जुळं झाल्यामुळे', आणि सर्वांत प्रामाणिक, 'घर की विमान असं विचारलं गेल्यामुळे'.

जमणार नाही म्हणजे नेमकं काय, हे समजायला एक रिव्हेट पुरे. अ‍ॅल्युमिनियमची, जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची. ती लावण्याआधी दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, भोकांत स्प्रिंगच्या चापांनी अडकवायचे आणि ड्रिलने भोक नेमक्या मापाचं करायचं. मग सगळं पुन्हा सुटं करायचं, कारण ड्रिलने भोकाच्या कडेला सूक्ष्म कंगोरे आलेले असतात. ते राहिले तर तिथून तडा जातो. म्हणून प्रत्येक कडा हाताने घासायची. दोन पत्र्यांच्या एका भोकाला कडा चार. रिव्हेटा दहा हजारांच्या वर. म्हणजे चाळीस हजार कडा, आणि यात उडण्याचा अजून संबंधच आलेला नाही. त्यानंतर रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाभोवती खळगा दाबायचा, प्रायमर लावायचा, पत्रे परत जुळवायचे. प्रायमर कुठला, आणि मुळात लावायचा की नाही, यावर या जमातीत जी भांडणं होतात ती ऐकली तर आपल्याकडची पुरणपोळी-कटाची आमटी मंडळी फार समजूतदार वाटतात.

मग प्रत्यक्ष रिव्हेट मारायची, आणि इथे संसार आत शिरतो. बाहेरून रिव्हेटगन धरायला एक माणूस लागतो. आतून, पंखाच्या किंवा शेपटीच्या पोकळीत हात घालून लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेंड्याला टेकवायला दुसरा. हात बारीक हवा, मनगट वळणारं हवं, शिवाय दुसऱ्याला हातातल्या कामापेक्षा हे महत्त्वाचं वाटायला हवं. अशी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते आणि तिचं त्या बांधणाऱ्याशी लग्न झालेलं असतं. गन सुरू झाली की काही ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. ठोकळेवाल्याने पत्र्यावर एकदा टकटक केलं तर 'अजून मार', दोनदा केलं तर 'झाली', तीनदा केलं तर 'बिघडली'. शेंडा चेपून त्याची रुंदी मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी झाली की रिव्हेट पास. जास्त चेपली, तिरकी बसली, तर पुन्हा ड्रिल लावून काढायची, आणि काढताना हात हलला की भोक अंडाकृती होतं. यात गंमत अशी की आत कसं बसलंय ते दिसतं फक्त आतल्या माणसाला. बाहेरच्याच्या हातात मशीन असतं आणि निर्णय आत असतो. लग्न टिकवण्याचं प्रशिक्षण म्हणून याहून नेमकं काही सुचणार नाही.

पत्रा नको असेल तर बर्ट रुटन यांचा रस्ता आहे. १९७५ साली उडालेल्या त्यांच्या 'व्हॅरी-ईझी'ने साचे, रिव्हेटा सगळं बाद केलं. फोमचा ठोकळा घ्यायचा, तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, वर फायबरग्लासचं कापड घालून इपॉक्सी चोपडायचं. लहान पंख पुढे, मोठा मागे. उभं करताना पुढचं चाक आत घेऊन नाकावर टेकवायचं, नमस्कार घातल्यासारखं. इपॉक्सी थोडं थोडंच कालवायचं. लोभाने मोठा डबा एकदम कालवला तर तो आपसूक तापतो, धुरावतो आणि दगड होतो. वास घरभर. वजनाबद्दल या मंडळींत एक विनोद आहे : भाग तयार झाला की वर फेकून बघा, खाली आला तर जड झालाय.

एका बाबतीत मात्र हसू आवरतं घ्यावं लागतं. रुटन यांच्याच 'लाँग-ईझी' आराखड्याचं एक विमान गायक जॉन डेन्व्हर यांनी विकत घेतलं होतं. ते दुसऱ्याने बांधलेलं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागे नेला. ऑक्टोबर १९९७ मध्ये माँटेरेच्या किनाऱ्याजवळ डेन्व्हर यांचा अपघाती मृत्यू झाला. तपासात मुख्य बोट गेलं ते त्या खटक्यावर : तो फिरवायला मागे वळावं लागे आणि वळताना पाय रडरवर दाबला जाई. स्वयंपाकघरात डबे आपल्या सोयीने हलवावेत, विमानात हलवण्याआधी चार जाणत्यांना विचारावं, हे तेव्हापासून या वर्तुळात वेगळं सांगावं लागत नाही.

काम किती झालं, याचं तिथलं गणितही वेगळं आहे. नव्वद टक्के झालं, नव्वद टक्के राहिलं, असं सांगतात. पीटर गॅरिसन हा विमानांवर लिहिणारा अमेरिकन लेखक. त्याने स्वतः रचून बांधलेलं 'मेलमथ' १९७३ साली उडालं आणि पुढे जपानपर्यंत जाऊन आलं. १९८२ साली ते जमिनीवर उभं असताना दुसरं विमान येऊन त्यावर आदळलं आणि खेळ संपला. 'मेलमथ-२' उडालं २००२ साली. दोन दशकं! घरचे काय म्हणाले याची नोंद नाही, पण मुलं लहानाची मोठी होताना बापाची पाठच जास्त पाहत असतील. आणि यादव? चारकोपची सहा आसनी उतरल्यावर त्यांनी पुढचं हाती घेतलं ते एकोणीस आसनी.

कधी ना कधी मात्र काम संपतं. निरीक्षक येतो. बांधणाऱ्याने वर्षानुवर्षं ठेवलेली वही आणि फोटो तपासतो, कारण ५१ टक्के काम याच हातांचं आहे हे सिद्ध करावं लागतं. या फोटोंत नेहमी एकच माणूस ड्रिल धरून हसताना दिसतो. फोटो काढणारा कधीच दिसत नाही. मग पहिली पंचवीस किंवा चाळीस तासांची उड्डाणं ठरवून दिलेल्या मोकळ्या भागावर करायची, पाहुणा नाही, पोरंबाळं नाहीत. पहिल्या दिवशी कुठलाही हौशी वैमानिक फार उंच किंवा फार दूर जात नाही. धावपट्टी नजरेत ठेवून तो घिरट्या घालतो, उतरतो, बॉनेट उघडतो आणि कुठे तेल गळतंय ते टॉर्चने शोधतो. तेल गळतच असतं.

ते तास भरले की प्रवासी बसवायला परवानगी मिळते. त्यासाठी प्रवाशाच्या डोळ्यांसमोर एक पाटी लावावी लागते. तिचा मतलब असा की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे सरकारी नियम ते पाळत नाही. दाराशी मोठ्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' असतंच. सासरे ही पाटी दोनदा वाचतात आणि गुडघ्याचं निमित्त सांगतात. शेजारी चष्मा विसरल्याचं सांगतो. बायको मात्र पाटीकडे बघतसुद्धा नाही, सरळ पट्टा बांधते आणि इंजिन सुरू व्हायच्या आधी एकच प्रश्न विचारते : "शेपटीत डावीकडून चौथी, मी तीनदा टकटक केली होती ती. बदललीत ना?"